श्रीचा रिकामा खण

पुनाजी झाडे मूळचा नाचणगावचा. चौथी पास झाला तेव्हा बापाने त्याला हाताला धरून वर्ध्याला आणले आणि एका छापखान्यात सोडून दिले. या गोष्टीला बत्तीस वर्षे झाली. छापखाना तेव्हा प्रभाकररावांच्या वडिलांचा होता, पुढे प्रभाकररावांचा झाला. हाताने ओढायचे यंत्र गेले, पायाने चालवायचे आले. खिडकीजवळची पुनाजीची जागा तेवढी बदलली नाही.

त्याचे काम खिळे जुळवण्याचे. शिशाचे एकेक अक्षर लाकडी खणातून उचलायचे, हातातल्या पट्टीत उलटे लावायचे, ओळ भरली की पुढची ओळ. पान तयार झाले की दोऱ्याने आवळून बांधायचे आणि यंत्रावर द्यायचे. छापून झाले की तोच मजकूर सोडायचा, म्हणजे एकेक अक्षर परत आपापल्या खणात टाकायचे. पुनाजीला खणाकडे बघावे लागत नसे. तो खिडकीतून स्टेशनकडे जाणारे टांगे बघायचा आणि त्याची बोटे इकडे क, र, त बरोबर उचलून आणायची. वर्ध्यात आपल्यासारखा जुळारी नाही हे त्याने स्वतः कधी बोलून दाखवले नव्हते. लोक म्हणत, आणि तो मान खाली घालून ऐकून घेई.

ज्या म्हाताऱ्या उस्तादाकडे तो शिकला, त्यांनी त्याला एक नेम घालून दिला होता. ज्याने बांधले, त्यानेच सोडायचे. दुसऱ्याने बांधलेल्या मजकुराला हात लावायचा नाही. कारण दोरा ढिला झाला की सगळी अक्षरे एकमेकांत मिसळून त्यांची खिचडी होते, आणि ती निवडण्यात दिवस जातो. पुढे हा नेम साऱ्या छापखान्याचाच होऊन बसला. पुनाजीच्या टेबलाखालच्या फळीवर बांधलेल्या मजकुराच्या थप्प्या असत. लग्नपत्रिकांचे चार-पाच नमुने तर वर्षानुवर्षे तसेच बांधलेले असत. गिऱ्हाईक आले की नवरानवरीची नावे आणि तिथी तेवढी बदलायची. त्या फळीला कोणी हात लावत नसे. मालकही नाही.

आठ वर्षांपूर्वी नत्थू कुमरे छापखान्यात आला. तळेगावच्या बाजूचा गोंडाचा गडी, तेव्हा पंचविशीतला. घरी गोंडी बोलत. तिसरीपर्यंत शाळा झालेली, मराठी वाचायचा ती बोट ठेवून. त्याला उलटे अक्षर ओळखायला पुनाजीने शिकवले. पट्टी कशी धरायची, शब्दांमध्ये जागा किती सोडायची, कान्याचा खिळा मोडू नये म्हणून बोट कुठे ठेवायचे, सारे पुनाजीने शिकवले. पूर्णविरामानंतर नत्थू जाडी फट टाकायचा. त्यावरून पुनाजी त्याला आठ वर्षे बोलत होता आणि नत्थू आठ वर्षे हसून "हाव भाऊ" म्हणत होता. फट काही बारीक झाली नव्हती. नत्थूकडे मुख्यतः मजकूर सोडण्याचे काम असे. पुनाजी जुळवणार आणि छापून झाल्यावर आपला दोरा सोडून देणार, नत्थू अक्षरे खणांत टाकणार, अशी वाटणी झाली होती आणि पुनाजीला ती अगदी योग्य वाटत होती.

त्रेपन्न सालच्या थंडीत वर्ध्याच्या कॉलेजात एक व्याख्यानमाला सुरू झाली. नागपूरच्या विद्यापीठातले सदाशिवराव नावाचे प्राध्यापक एकाआड एक शनिवारी दुपारच्या गाडीने येत आणि संध्याकाळी पाचला कॉलेजच्या हॉलमध्ये भाषेच्या संशोधनावर कोणीतरी बोले. एकदा जात्यावरच्या ओव्यांतले शब्द झाले, एकदा हिंदी आणि मराठी बाजारात कशा मिसळतात ते झाले. दर व्याख्यानाची पत्रके प्रभाकररावांकडे छापायला येत आणि ती पुनाजी जुळवी. जुळवता जुळवता तो वाचायचा. नंतर नंतर तर शनिवारी धुतलेली टोपी घालून तो हॉलमधल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला. कळायचे थोडे, पण तिथे माणसे अक्षरांबद्दल आणि शब्दांबद्दल बोलत, आणि ही तर आपल्या हातातली वस्तू आहे असे त्याला वाटे.

त्या वर्षी सदाशिवरावांच्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. सरकारी कचेऱ्यांचा कारभार आता मराठीतून होणार, मराठीची टंकयंत्रे बनणार. त्या यंत्रावर कुठली कळ कुठल्या बोटाखाली असावी? ज्या अक्षराचे काम जास्त, ते जवळ पाहिजे. पण कुठल्या अक्षराचे काम किती, हे कोणी मोजले होते? भाषा मोजायची कशी, असे ते दर व्याख्यानाला म्हणत.

डिसेंबरात एका दुपारी ते पत्रकाचा कागद द्यायला स्वतःच छापखान्यात आले. नेमका त्या दिवशी पुनाजी भाच्याच्या बारशाला पुलगावला गेलेला. सदाशिवराव खणांच्या लाकडी चौकटीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, हा खण एवढा मोठा आणि हा एवढासा, असे का? प्रभाकररावांनी नत्थूला हाक मारली.

"ज्याले बलावणं जास्त, त्याचं घर मोठं, साहेब," नत्थू म्हणाला. "पण हे घरं मुंबईवाल्यायनं बांधले. माहा हात सांगते का यातले दोनचार चुकले हायेत."

"कोणते चुकले?"

"ते असं सांगता येत नाई. मोजा लागंन."

या एका शब्दावर सदाशिवराव खुर्ची ओढून बसले म्हणतात. तासभर बसले. जाताना नत्थूला सांगून गेले, तीन महिने मोज, आणि मार्चमधल्या शेवटच्या शनिवारी ते तूच येऊन सांग.

पुनाजी संध्याकाळी परतला तेव्हा प्रभाकररावांनी मोठ्या कौतुकाने हे सांगितले. पुनाजी "चांगलं झालं" म्हणाला. मग त्याने कोट काढून खुंटीला अडकवला, पुन्हा घातला आणि घरी निघून गेला.

घरी बायको, धुरपता, भाकरी थापत होती. त्याने चुलीपाशी बसून सगळे सांगितले. खण आपले, विद्या आपली, आणि विचारले कोणाला? ज्याच्या घरात मराठी बोलत नाहीत तो मराठी मोजणार?

"तुमी असते तं तुमालेच इचारलं असतं," धुरपता म्हणाली.

पुनाजीला जरा बरे वाटले. तेवढ्यात तव्यावरची भाकरी उलटत ती पुढे बोलली, "पण तुमी तसं सांगतलं असतं का? तुमी म्हनले असते, खन हायेत तसे हायेत."

धुरपताचे खरे होते. बत्तीस वर्षांत त्या खणांचे माप त्याला एकदाही खटकले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून नत्थूचे मोजणे सुरू झाले. एकेक खिळा मोजत बसला तर काम होणार नाही, हे त्याला कळत होते. त्याने वेगळीच युक्ती काढली. पळसाच्या पानांचे सव्वाशे द्रोण लावून आणले आणि प्रत्येकात एकेक नमुन्याचा खिळा ठेवला. मजकूर सोडताना अक्षर आधी आपल्या द्रोणात जाई. गल्लीतल्या सोनाराकडून त्याने जुना तराजू मागून आणला होता. दहा 'र' किती गुंजा भरतात हे एकदा पाहून ठेवले. मग संध्याकाळी 'र'चा द्रोण तोलायचा, आकडा कागदावर लिहायचा आणि द्रोण खणात रिकामा करायचा. सव्वाशे द्रोणांना त्याला पाऊण तास लागे. छापखान्यात येणारे-जाणारे थांबून बघू लागले. आश्रमातली माणसे पुस्तिका छापायला यायची, तीही बघून गेली. नत्थूजी, आज कोन जिंकलं, असे सोनार दारातून विचारी, आणि नत्थू सांगे, आज बी 'र'च.

नत्थूजी. हा 'जी' नवीन होता. पुनाजीच्या पाठीत तो दर संध्याकाळी काट्यासारखा रुतायचा. तो तोंड फिरवून खिडकीबाहेर टांगे बघायचा. पण कान नत्थूकडे असत आणि तराजूचे पारडे टेकल्याचा बारीक आवाजही त्याला ऐकू येई. सर्वांत वाईट म्हणजे युक्ती चांगली होती. ती वाईट असती तर पुनाजीने स्वतःहून सुधारून दिली असती आणि मनही हलके झाले असते. तिच्यात बोट घालायला जागा नव्हती, आणि ती आपल्याला सुचली नाही एवढेच उरत होते.

मार्चमध्ये शेवटच्या व्याख्यानाचे पत्रक जुळवायला आले. कागद सदाशिवरावांच्या हातचा होता. 'मराठी अक्षरांची मोजणी. वक्ते : श्री. नत्थू कुमरे, जुळारी.' पुनाजीने पट्टी हातात घेतली. पत्रकावर नाव असे छापून यावे, ही इच्छा त्याने तीन महिन्यांत स्वतःजवळही धड कबूल केली नव्हती. आता ते नाव त्याच्याच हाताने लागायचे होते, आणि ते त्याचे नव्हते.

बोटे श्रीच्या खणाकडे गेली. श्री हा सबंध एकच खिळा असतो. खण रिकामा होता.

लगीनसराई होती. पत्रिकांचे पाच नमुने टेबलाखाली बांधून पडले होते आणि प्रत्येकात माथ्यावर श्री, श्रीकृपेकरून मधला श्री, काका-मामांच्या नावांमागचे श्री. होते-नव्हते तेवढे सगळे श्री तिथे अडकले होते. वाकून एक दोरा सोडला असता तर एक खिळा सहज निघाला असता. दर वेळी पुनाजी तेच करायचा. या वेळी तो वाकला नाही. त्याने 'नत्थू कुमरे, जुळारी' एवढेच लावले.

प्रभाकररावांनी कच्चा छाप बघितला आणि विचारले, श्री राहिला का?

"खन खाली हाय, मालक," पुनाजी म्हणाला. ते खरेच होते. खरे बोलून एवढे समाधान त्याला पूर्वी कधी झाले नव्हते.

पत्रक यंत्रावर नत्थूनेच छापले. पहिला कागद उचलून त्याने उजेडात धरला. पुनाजी तयारीत होता. नत्थू श्रीचे विचारणार, मग रिकाम्या खणाकडे बोट दाखवायचे, असे त्याने मनात घोकून ठेवले होते. नत्थू कागद घेऊन जवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, माहं नाव छापलं." त्याच्या डोळ्यांत पाणी होते. श्री आहे की नाही, हे त्याने पाहिलेच नव्हते. पुनाजीचे घोकलेले उत्तर वाया गेले.

व्याख्यानाच्या आठ दिवस आधी नत्थूने सगळ्या बेरजा करून यादी तयार केली. सव्वाशे अक्षरे, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने. ती त्याने पुनाजीपुढे ठेवली आणि हात जोडल्यासारखे करून उभा राहिला. "भाऊ, एक डाव पाहून द्याल का? कुठी चुकलं असंन तं सांगा. तिथी मोठे लोक राह्यतीन."

पुनाजी वाचत गेला. वरची पन्नाससाठ अक्षरे बरोबर होती. त्याच्या बोटांनीही तोच क्रम सांगितला असता. खाली खाली येत त्र्याण्णवाव्या क्रमांकावर त्याची नजर थांबली. तिथे श्री होता. मराठीत श्री त्र्याण्णवावा!

कारण त्याला त्याच क्षणी कळले. नत्थू जे सोडे तेच तोली. पुनाजीचा फळीवर बांधून ठेवलेला मजकूर सोडलाच जात नव्हता, तेव्हा तो कुठल्याच द्रोणात पडत नव्हता. हंगामात कितीतरी गिऱ्हाइकांच्या पत्रिका याच नमुन्यांवर निघाल्या, प्रत्येकीत दहा-बारा श्री, आणि त्यांतला एकही तराजूवर चढला नव्हता. चूक नत्थूची होती, आणि नव्हतीही. दुसऱ्याने बांधलेल्याकडे बघायचे नाही, हे त्याला पुनाजीनेच शिकवले होते.

एक वाक्य बोलायचे होते. पुनाजीने यादीची घडी घातली.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

नत्थूने खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला.

ते आठ दिवस पुनाजीचे विचित्र गेले. हॉलमध्ये कोणीतरी ती ओळ पकडणार, मंडळी हसणार, नत्थूचा चेहरा उतरणार, हे चित्र तो जुळवता जुळवता मनाशी लावून बघायचा. त्यात गोडी होती, नाही असे नाही. पण चित्र पुरे झाले की पायांना लागलेला तो हात आठवायचा आणि पट्टीतली ओळ चुकायची. दोनदा त्याने उलटा खिळा लावला. बत्तीस वर्षांत असे झाले नव्हते. सांगून टाकू, असे त्याला मंगळवारी वाटले. बुधवारी सोनाराने दारातून "नत्थूजी, शनिवारी आमी बी येतो" म्हटले आणि सांगायचे राहून गेले.

शनिवारी हॉल भरला होता. एरवी वीस-पंचवीस माणसे असत, त्या दिवशी पन्नासाच्या वर होती. पुनाजी मुलीच्या लग्नात शिवलेला कोट घालून शेवटच्या बाकावर बसला. नत्थू धुतलेल्या धोतरात, हातात तराजू आणि द्रोणांची चळत घेऊन पुढे उभा राहिला. पहिली दोन वाक्ये त्याला बोलताच आली नाहीत. पोरे खुसखुसली. मग त्याने तराजू टेबलावर ठेवला, खिशातून दहा खिळे काढले आणि तोलून दाखवले. एकदा हाताला काम मिळाले तशी जीभ सुटली. आपल्या वऱ्हाडीतच तो बोलत राहिला. ज्याले बलावणं जास्त त्याचं घर मोठं, हे त्याने तिथेही सांगितले आणि सदाशिवरावांनी ते वहीत लिहून घेतले. मराठी ही माझी घरची बोली नाही, म्हणून मला ती आधी शिसे म्हणूनच भेटली, वजनाने भेटली, असेही तो म्हणाला. पुनाजीला वाटले, हे वाक्य आपल्याला शंभर वर्षांत सुचले नसते. त्याला तिथून उठून जावेसे वाटले, आणि पुढचे ऐकल्याशिवाय उठवेना.

यादी फळ्यावर टांगली गेली. टाळ्या झाल्या. मग संस्कृत शिकवणारे एक वयस्क प्राध्यापक चष्मा कपाळावर चढवून उभे राहिले. म्हणाले, अहो, मराठी माणूस कागदावर काहीही लिहायला बसला की आधी श्री काढतो, आणि तुमच्याकडे तो त्र्याण्णवावा कसा? हॉलमध्ये हशा पिकला. पुनाजीने मनात लावून ठेवलेले चित्र हुबेहूब समोर उभे होते.

नत्थूने फळ्याकडे पाहिले, तराजूकडे पाहिले. मग त्याने शेवटच्या बाकाकडे बोट केले.

"मले नाई समजून राह्यलं, साहेब. पण यादी पुनाजीभाऊनं तपासली हाय. त्यायनंच मले शिकवलं. ते बरोबर म्हनले म्हंजे बरोबरच असंन. त्यायले इचारा."

सगळा हॉल मागे वळला. पन्नास माणसांच्या माना एकाच वेळी आपल्याकडे वळाव्यात, हे पुनाजीने तीन महिने मनात पाहिले होते. ते असे होईल असे मात्र पाहिले नव्हते. तो उठला. मग त्याने बांधलेल्या मजकुराचे सांगितले. लग्नाच्या पत्रिका कशा बांधून ठेवतात, दोरा कसा आवळतात, दुसऱ्याच्या बांधलेल्याला हात का लावत नाहीत, उस्तादांनी काय नेम घालून दिला होता. बोलता बोलता त्याचा आवाज मोठा झाला. छापखान्यात श्री येतो किती आणि खणात परत येतो किती, यांतला फरक त्याने इतका सोपा करून सांगितला की संस्कृतचे प्राध्यापकही मान डोलावू लागले. नत्थूची सगळी मोजणी बरोबर आहे, फक्त बांधलेले तिच्यात धरायचे राहिले, असे त्याने म्हटले तेव्हा टाळ्या पडल्या. त्याच्यासाठी. त्या टाळ्या त्याला अंगावर ऊन पडावे तशा वाटल्या.

सदाशिवराव आनंदाने उभे राहिले. हे तर फार मोलाचे आहे, असे म्हणाले. आणि मग सहज, काहीही मनात न ठेवता, त्यांनी विचारले, "पण यादी तपासताना हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं का?"

नव्हते आले, एवढे म्हटले की भागत होते. कोणी पुढे विचारणार नव्हते. पुनाजीने समोर पाहिले. नत्थू तराजूची दोरी बोटाला गुंडाळत उभा होता आणि पुनाजीकडे बघून हसत होता. भाऊंनी आपल्याला वाचवले, असे त्या हसण्यात होते.

"आलं होतं," पुनाजी म्हणाला.

"मग?"

"मग सांगतलं नाई."

तो खाली बसला. नत्थूच म्हणाला, चूक माझी, बांधलेल्याचे काय करायचे हे मीच विचारायला पाहिजे होते. आणि तो पुढचे अक्षर सांगू लागला. त्याचा आवाज सरळ होता. पण पुढे व्याख्यान संपेपर्यंत त्याने शेवटच्या बाकाकडे पाहिले नाही.

सोमवारी पुनाजी नेहमीच्या आधी छापखान्यात गेला. त्याने फळीवरच्या सगळ्या थप्प्या टेबलावर काढल्या. काही दोरे इतके जुने झाले होते की हात लावताच तुटले. नत्थू आला, दारात थांबला, मग आत येऊन त्याने द्रोण मांडले. पुनाजी सोडत होता, नत्थू तोलत होता.

श्रीचा द्रोण भरला तेव्हा नत्थू म्हणाला, "चौसष्ट."

"हाव," पुनाजी म्हणाला.

थोड्या वेळाने नत्थूने खाली बघतच विचारले, "काऊन नाई सांगतलं, भाऊ?"

पुनाजीने हातातला खिळा उगीच फिरवून पाहिला. "तुले साहेबानं इचारलं ना," तो म्हणाला. "मी बारशाले गेलतो."

नत्थूला ते कळले की नाही कोण जाणे. त्याने मान हलवली आणि पुढचा द्रोण पारड्यात ठेवला. ते नमुने किती गिऱ्हाइकांना वापरले त्याचा हिशेब धरून दुरुस्ती केली, तेव्हा श्री त्र्याण्णवावरून अकराव्या क्रमांकावर आला.

पावसाळ्याच्या तोंडावर सदाशिवरावांनी सगळ्या व्याख्यानांची पुस्तिका छापायला दिली. पुनाजीने ती जुळवली. या वेळी श्रीचा खण भरलेला होता. 'श्री. नत्थू कुमरे' हे नाव पुस्तिकेत सात ठिकाणी आले आणि सातही वेळा त्याने त्यामागे श्री लावला. सात वेळा काळजात काहीतरी टोचलेच. प्रस्तावनेत सदाशिवरावांनी लिहिले होते, 'एका अनुभवी जुळाऱ्याने या मोजणीतली उणीव दाखवून दिली.' नाव नव्हते. पुनाजी त्या ओळीपाशी बराच वेळ थांबला. दोन शब्द घालायला काय लागत होते? खिळे हाताशी होते, पट्टी हातात होती. त्याने पु उचललाही. मग तो परत खणात टाकला आणि ओळ होती तशी लावली. आपले नाव तिथे नसावे, हेच बरोबर असे त्याला वाटले असावे. की वाटले नाही, आणि तरीही त्याने तसे केले, हे सांगणे कठीण आहे.

पुस्तिका बांधून आल्या तेव्हा एक प्रत त्याच्या हाती पडली. त्याने प्रस्तावना उघडली. 'श्री. पुनाजी झाडे या अनुभवी जुळाऱ्याने या मोजणीतली उणीव दाखवून दिली.'

हे कोणी केले, हे त्याला विचारावे लागले नाही. 'श्री.'नंतरची फट जाडी होती. यंत्रावर चढवायच्या आधी, पुनाजीने बांधलेल्या पानाचा दोरा सोडून ती ओळ कोणीतरी बदलली होती. छापखान्याचा नेम त्या एका पानापुरता मोडला होता. पुनाजीने नत्थूकडे पाहिले. तो पाठमोरा होऊन खिळे सोडत होता, आणि सोनार दारातून त्याला काहीतरी विचारत होता.

पुनाजीला आनंद झाला, खोटे कशाला सांगायचे. पण घरी जाईपर्यंत आनंदाच्या पोटात जुनेच दुखणे वळवळू लागले होते. त्याने धुरपताला पुस्तिका दाखवली, नावाची ओळ वाचून दाखवली, आणि म्हणाला, "हे बी त्यानंच केलं. म्या नसतं केलं."

धुरपताने ओला हात पदराला पुसून अक्षरांवरून बोट फिरवले. "मंग आता करा एखांदं काई," ती म्हणाली.

पुढे पुनाजी आणखी अकरा वर्षे त्या खिडकीत बसला. त्याने पुन्हा कधी मजकूर महिना-महिना बांधून ठेवला नाही. पत्रिका झाली की त्याच संध्याकाळी सोडायचा. नत्थूला नागपूरहूनही दोनदा बोलावणे आले आणि दोन्ही वेळा पुनाजीचे दोन दिवस वाईट गेले. पुस्तिका त्याने ट्रंकेत जपून ठेवली होती. घरी कोणी आले की बाहेर काढायचा, प्रस्तावनेचे पान उघडायचा, आपल्या नावावर बोट ठेवायचा, आणि बघणारा काही बोलायच्या आत म्हणायचा, "इथी जागा जरा जास्त सुटली."